तीन वेळा ८.१

बी.एस्सी. केमिस्ट्रीला आहात आणि उद्या पाण्याच्या हार्डनेसचं (त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम मोजायचं) प्रॅक्टिकल आहे? सॅम्पल आणायला सांगितलंय म्हणून लगेच पंचवटीची वाट धरू नका. हॉस्टेलच्या आरओ कूलरखाली बाटली धरा आणि वर मार्करने ठसठशीत लिहा : ‘गोदावरी, रामकुंड’. पाणी गोदेचंच, मध्ये गंगापूर धरण आणि एक मेंब्रेन लागलं, एवढंच.

ब्युरेट (थेंब मोजून सोडायची काचनळी) नळाखाली धुवा आणि थेट ईडीटीए, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडणारं रसायन, ओता. आधी त्याच ईडीटीएने विसळायची असते म्हणे. नाहीतर आत राहिलेल्या पाण्याने द्रावण पातळ होतं आणि रीडिंग (किती मिली ईडीटीए लागलं ते) वाढतं. वाढू दे. नोझलमधला बुडबुडाही राहू दे, टायट्रेशन चालू असताना तो निसटला की आणखी वाढेल. वरचं फनेल मात्र काढू नका. त्यातून दोन थेंब ब्युरेटमध्ये गळले की रीडिंग उतरतं. दोघे वाढवणारे, एक उतरवणारा. जर्नलमधल्या ‘सोर्सेस ऑफ एरर’ची सोय झाली.

फ्लास्कमध्ये ५० मिली सॅम्पल घेतलं की पीएच १० वर धरून ठेवणारा अमोनियाचा बफर. तो नाकात जातो, म्हणून दोन मिलीच्या जागी दोन थेंब. नदीच्या खऱ्या पाण्यात असं केलं असतं तर पीएच १० पर्यंत पोचलाच नसता आणि एरिओक्रोम ब्लॅक टी हा इंडिकेटर वाइन रेड (हार्डनेस आहे) आणि निळ्याच्या (संपला) मध्ये जांभळा होऊन रेंगाळला असता. (वाइन रेड म्हणजे कसा, हे नाशिककराला शिकवायला नको.) शेवटी थेंबाथेंबाला तीन-चार सेकंद थांबायचं असतं, कारण इंडिकेटरने धरून ठेवलेला मॅग्नेशियम ईडीटीए सावकाश सोडवून घेतो. पण मागे ब्युरेटसाठी दोघे ताटकळत असतात. स्टॉपकॉक मोकळा सोडा.

अर्थात कूलरच्या पाण्यावर ती वेळ येणारच नाही. चिमूटभर इंडिकेटर पडला की फ्लास्क जवळजवळ निळाच. ईडीटीए सुरू व्हायच्या आत एंड पॉइंट! कॅल्शियम-मॅग्नेशियम मेंब्रेनने आधीच अडवलंय, लाल व्हायला उरलंय काय?

घाबरू नका, सीनियरचं जर्नल असतं. तीन रीडिंग्ज, मिलीत : ८.१, ८.१, ८.१. ०.०१ मोलर ईडीटीएचा १ मिली म्हणजे १ मिग्रॅ कॅल्शियम कार्बोनेट, ८.१ गुणिले १०००, भागिले ५०, लिटरला १६२ मिग्रॅ. बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) स्वीकार्य मर्यादा २०० ची, म्हणजे गोदावरी पास. ऑगस्टमध्ये दुतोंड्या मारुतीच्या गळ्याला पाणी लागू दे नाहीतर मेमध्ये पात्रातले दगड दिसू देत, जर्नलमधली गोदावरी ८.१ वरून हलत नाही.

बाटली तेवढी व्हायव्हाच्या आधी बेसिनमध्ये रिकामी करा. एक्स्टर्नल म्हणाले, “या सॅम्पलमध्ये इंडिकेटर टाकून दाखवा बरं,” तर सांगायचं, “सर, संपलं.”