९५ हजारांच्या कपातीबद्दल, आमच्या नौपाडा ऑफिसकडून

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. आईंच्या ऑपरेशनचं बिल २ लाख ४० हजार झालं, आरोग्य विमा कंपनीने त्यातले ९५ हजार कापले, डिस्चार्जला अख्खा दिवस गेला आणि हे सगळं "एजंटने फ्लोटर गळ्यात मारला" (एजंट मी, आणि फ्लोटर म्हणजे घरातल्या सगळ्यांना मिळून एकच विमा रक्कम) म्हणून झालं, असं तुम्ही लिहिलंय. आजारपणाबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. सेटलमेंट लेटरचा फोटो तुम्हीच जोडलाय, त्यातले आकडे तेवढे घेते. त्या फोटोत आईंचं नाव आणि पॉलिसी नंबर स्पष्ट दिसतोय, तो आधी काढून टाका.

फ्लोटरमुळे तुमचा एक रुपयाही कापला गेलेला नाही. कपात झाली ती रूमच्या मर्यादेमुळे. कव्हर ५ लाखांचं, रूमभाडं त्याच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ५ हजार. घेतलेली रूम ८ हजारांची. वरचे तीन हजार खिशातून भरले की विषय संपला असं सगळ्यांनाच वाटतं. पण सर्जनची फी, ओटी (ऑपरेशन थिएटर), नर्सिंग हे दर बहुतेक हॉस्पिटलांत रूमप्रमाणे चढतात, म्हणून कंपनी तेही आठाला पाच या हिशेबानेच देते. चार दिवसांच्या रूमचे ३२ हजार झाले, मिळाले २० हजार. सर्जन, ओटी वगैरे मिळून १ लाख, मिळाले साडेबासष्ट हजार. ग्लोव्ह्ज, फाइल चार्जेस असल्या न मिळणाऱ्या बाबींचे ८ हजार गेले. इथवर ५७,५०० होतात. ही कपात पॉलिसीत लिहिल्याप्रमाणे आहे, तिच्यासाठी भांडून हाती काही लागणार नाही.

उरलेल्या ३७,५०० चं मात्र मला पटलेलं नाही. औषधं, तपासण्या आणि इम्प्लांट यांच्या १ लाखालाही तीच आठाला पाचची कात्री लावलेली दिसते. इर्डाने (विमा कंपन्यांवरचं सरकारी नियामक मंडळ) २०२० मध्येच स्पष्ट केलंय की रूम महाग घेतली म्हणून औषधं, कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट आणि तपासण्यांवर प्रमाणात कपात करायची नाही, आयसीयूच्या खर्चावरही नाही. गोळी जनरल वॉर्डात असो की डीलक्स रूममध्ये, छापील किंमत तीच! तुमच्या पॉलिसीत "असोसिएटेड मेडिकल एक्स्पेन्सेस"ची, म्हणजे रूमच्या प्रमाणात कापता येणाऱ्या खर्चांची, व्याख्या आहे, ती बघा. आणि हॉस्पिटल रूमनुसार दर बदलतच नसेल, तर सर्जनच्या फीवरची कपातसुद्धा उभी राहत नाही. हॉस्पिटलच्या बिलिंगकडून तसं लेखी मिळतंय का, तेही विचारा.

तेव्हा आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल. सोबत फायनल बिल, त्याचं ब्रेकअप आणि हे लेटर. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. तिथे फी नाही, वकील लागत नाही (चालतही नाही), ५० लाखांपर्यंतची प्रकरणं घेतात. फक्त कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जायला हवं. मेलचा मसुदा आम्ही करून देऊ, त्याचे पैसे नाहीत.

आता "गळ्यात मारला" याबद्दल. तुम्हाला पाठवलेल्या पहिल्या कोटेशनमध्ये आईंची पॉलिसी वेगळी होती, रूमला मर्यादा नव्हती आणि तुम्हा तिघांचा फ्लोटर १० लाखांचा होता. त्याचा हप्ता जास्त होता, म्हणून तुम्ही चौघांचा मिळून ५ लाखांचा घेतला. घरचं बजेट तुम्हाला माहीत, त्यावर मी बोलणं बरं नाही. पण कमिशन हप्त्यावर मिळतं, सर. स्वस्तातला प्लॅन गळ्यात मारून माझा काय फायदा?

फ्लोटरचा खरा तोटा वेगळाच आहे आणि तो तुमच्या रिव्ह्यूत आलेलाच नाही. हप्ता घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो, म्हणजे आईंच्या वयाचा भार तुम्हा तिघांवरही पडतो. शिवाय १ लाख ४५ हजार वापरले गेल्यामुळे नूतनीकरणापर्यंत चौघांत मिळून ३ लाख ५५ हजारच उरलेत. मला काळजी वाटते ती याची.

डिस्चार्जचं थोडक्यात. २०२४ च्या नियमाप्रमाणे कंपनीने तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची असते, आणि तिच्यामुळे उशीर झाला तर त्या वेळेचं हॉस्पिटलचं जादा बिल तिनेच सोसायचं. पण घड्याळ सुरू होतं ते हॉस्पिटलची रिक्वेस्ट कंपनीला पोचल्यावर, डॉक्टरांनी राउंडला "घरी जा" म्हटल्यावर नाही. हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कने (विम्याची कागदपत्रं बघणारं काउंटर) फायनल बिल किती वाजता पाठवलं ते विचारून घ्या, दिवस कोणी खाल्ला ते कळेल.

पुढच्या नूतनीकरणाला आईंना वेगळं करूया. सीनियर सिटिझन प्लॅन घ्यायचा तर को-पे आधी बघायचा. २० टक्के को-पे म्हणजे प्रत्येक मान्य क्लेममधला पाचवा हिस्सा तुमचा, रूम कुठलीही घ्या. त्यापेक्षा रूमची मर्यादा नसलेला साधा वैयक्तिक प्लॅन आणि वर सुपर टॉप-अप (वर्षातला खर्च ठरावीक रकमेपलीकडे गेला की पुढचा देणारी पॉलिसी) मला जास्त बरा वाटतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फ्लोटर पॉलिसींवरचा १८ टक्के जीएसटी गेलाय, त्यामुळे तेव्हा जड वाटलेलं कोटेशन पुन्हा काढून बघायला हरकत नाही.

दुसऱ्या कंपनीत पोर्ट करायचं असेल तर अर्ज नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी जायला हवा. प्रतीक्षा काळाची (ठरावीक आजारांना कव्हर मिळेपर्यंत थांबायचा काळ) झालेली वर्षं सोबत येतात, पण जुन्या ५ लाखांपुरतीच. वाढवलेल्या रकमेला नव्याने थांबावं लागतं. आणि आईंच्या वयाला नवी कंपनी नाहीही म्हणू शकते, म्हणून तिचा होकार लेखी आल्याशिवाय जुनी पॉलिसी सोडायची नाही.

येताना फायनल बिलाची सगळी पानं आणा, फक्त पहिलं नको. कात्री कुठे लागलीय ते मागच्या पानांवर असतं.