याची टोपी त्याच्या डोक्यावर, अधिक जीएसटी

परवा फोंड्यातल्या बँकेत एका म्हाताऱ्याने माझं कर्ज पासबुकाच्या अख्ख्या रांगेला मोठ्याने वाचून दाखवलं. कान अजून गरम आहेत.

प्रकरण साधं. चवथीच्या दिवसांत पगाराच्या खात्यावरच्या ओव्हरड्राफ्टमधून (ओडी, म्हणजे शिल्लक संपली तरी बँक काढू देते ती उधारी) साठ हजार उचलले. छपराची कौलं, गणपती आणि गणपतीवर टांगायची फळांची माटोळी. माटोळीला नारळ, सुपारीचा घड, तोरिंग, चिबूड हे सगळं लागतंच, त्यात कांगल्या-घागऱ्या रानातून आणणारा माणूस आता रानात जात नाही, बाजारात बसतो. एका तोरिंगाचा भाव ऐकून मी ते परत ठेवलं आणि बायकोने ते परत उचललं. दीड दिवसाचा गणपती गेला आणि पासबुकात शिल्लकेपुढे 'डीआर' छापून आलं. म्हणजे मी डॉक्टर झालो नाही, खातं उणे झालं.

तेवढ्यात क्रेडिट कार्डवाल्या मुलीचा फोन. साठ हजार थेट खात्यात, तीन हप्ते, व्याज शून्य. ओडीला वर्षाला 13 टक्के भरण्यापेक्षा हे बरं नाही का, सर? मला वाटलं, कुणीतरी आपली बुद्धी ओळखली. कार्डाच्या पैशांनी ओडी बुजवला आणि त्या रात्री मी निवांत झोपलो. पुढच्या स्टेटमेंटवर ओळ आली: प्रोसेसिंग फी 1,200 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 216. एकूण 1,416.

म्हणून गेलो शाखेत. बाहेर पाऊस, आत बादलीभर छत्र्या. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "कार्ड वेगळं, आम्ही वेगळे."

"पण वर नाव तर एकच आहे?"

"नाव एकच आहे."

मी पुढे काही बोलणार, एवढ्यात मागून आवाज आला, "बाब, तूं खंयचो?"

वळून बघितलं तर सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ. काखेत मराठी पेपर, हातात सोनाराच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी, पिशवीत पासबुक, पासबुकाला रबर. गोव्यात माणसाची पत आधी गावावरून ठरते, मग घरावरून, पैसे शेवटी येतात. मी म्हटलं माशेलचा. "कोणालो?" मी वडिलांचं नाव सांगितलं. ते विचारात पडले. मग आईचं माहेर विचारलं, मामाचं नाव विचारलं आणि मामा सापडला. सावई-वेऱ्यात त्यांची आणि मामाची सुपारीची बागायत बांधाला बांध लागून! झालं. त्या क्षणापासून माझा ओव्हरड्राफ्ट हा घरचा विषय झाला.

"कागद दाखय."

मी का दिला, माहीत नाही. मामाचं नाव काढल्यावर गोव्यात नाही म्हणता येत नाही. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, स्टेटमेंट नाकाला लावलं आणि वाचायला सुरुवात केली. मोठ्याने. आपल्याकडे घरात बोलायला कोंकणी, पण पेपर आणि कीर्तन मराठीत. पैशाचा विषय निघताच काकाही मराठीवर आले, तेही कीर्तनकाराच्या.

"मुद्दल साठ हजार! व्याज शून्य! शुल्क एक हजार दोनशे!" रांगेतल्या एका बाईने पिशवी या हातातून त्या हातात घेतली, नीट ऐकू यावं म्हणून.

मग त्यांनी पैसे काढायची स्लिप उलटी केली आणि दोरीला बांधलेलं पेन ओढलं. पेन उमटेना. त्याला फुंकर मारली, तळहातावर गोल गोल काढलं, तरी उमटेना. शेवटी माझ्या खिशातलं काढलं, विचारल्याशिवाय. "ओडीत दर महिन्याला वीस हजार भरले असतेस तर? पहिल्या महिन्याला साठ हजारांवर व्याज 650. दुसऱ्याला चाळीस हजारांवर 433. तिसऱ्याला वीस हजारांवर 217. किती झाले?"

मी गप्प.

"तेराशे," रांगेतून ती बाई म्हणाली.

"तेराशे! आणि या शहाण्याने शून्य व्याजाला दिले किती? एक हजार चारशे सोळा. म्हणजे फुकटाचं कर्ज विकतच्या कर्जाहून एकशे सोळा रुपयांनी महाग!"

काउंटरवरचा मुलगा हसला. त्याने हसायला नको होतं, बिल त्यांच्याच घरचं होतं.

पण काका आता थांबायला तयार नव्हते. त्यांच्या आजीच्या बांगड्या पोर्तुगीज बांकेत, म्हणजे बांकू नासिओनाल उल्त्रामारिनूत, गहाण होत्या. 1961 साली मुक्ती यायच्या आधी गोवेकरांचं गहाण सोनं लिस्बनला गेलं, ते परत मिळायला 1991 उजाडलं. "तीस वर्षं! आजी वाट बघत गेली. पण बांगड्यांना प्रोसेसिंग फी लावली नाही हो पोर्तुगिजांनी!" रांगेने माना डोलावल्या. कुणाला तरी पोर्तुगिजांची आठवण येईल असं बोलणं माझ्या प्रोसेसिंग फीमुळे व्हावं, हे मला मुळीच आवडलं नाही.

हसू आलं, पण राग खरा आहे. रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बँकांना सुनावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, कार्डाच्या असल्या योजनांत व्याज प्रोसेसिंग फीच्या वेषात येतं. बारा वर्षं होऊन गेली. वेष तोच, नाटक चालू. आणि फोनवरच्या त्या मुलीने 'शून्य' हा शब्द सहा वेळा उच्चारला, 'फी' हा एकदा, तोही खोकल्यात. ओडीच्या व्याजावर जीएसटी नसतो, कार्डाच्या फीवर असतो, व्याजावरही असतो, हे कोण सांगणार? एखाद्या महिन्यात पूर्ण बिल भरायचं राहिलं तर मग कार्डावर भरलेल्या पेट्रोललाही खरेदीच्या दिवसापासून व्याज लागतं, कित्येक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्के किंवा त्याहून जास्त. साडेतीन धरले तरी वर्षाचे 42. त्यापुढे माझा 13 टक्क्यांचा ओडी म्हणजे सोयरा माणूस होता, आणि मी त्याला घराबाहेर काढलं.

काकांचा नंबर आला. मशीनने त्यांच्या पासबुकाचा बारकोड तीनदा वाचायला नकार दिला, तेवढंच मला बरं वाटलं. पेन मात्र ते घेऊन गेले.

माशेलची बस मिळायला तासभर गेला. घरी आलो तर आई अंगणात वाळत घातलेले कपडे उचलत होती, पावसाची सर येणार म्हणून. मान वर न करता म्हणाली, "मामाचा फोन आला होता. एकशे सोळा रुपये कुणाचे द्यायचे राहिलेत?"

"कुणाचे नाहीत गं. बँकेने घेतले."

"मग तू परत मागायला गेला होतास?"

"हो."

"दिले?"

"पेनही गेलं," मी म्हटलं.