ऑक्सिमीटरवर 98 दिसले तरी दम का लागतो?

बीड-धारूरकडच्या मोबाइलवरही पोचलेल्या एका संदेशात चार विधाने ठासून केलेली आहेत : शिरांत निळे, अशुद्ध रक्त असते, कापूर-ओवा-लवंगांची पुरचुंडी हुंगल्यास रक्तातला प्राणवायू वाढतो, दम लागतो तो फुप्फुसे कमजोर असल्यामुळेच, आणि बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर 95च्या वर आकडा आला की काळजीचे कारण उरत नाही. यांपैकी एकही विधान खरे नाही, आणि शेवटची दोन तर घातक आहेत.

शिरांतले रक्त गडद लाल असते. तपासणीसाठी काढलेले रक्त नळीत पाहिले तरी हे कळते. निळेपणा त्वचेतून परतणाऱ्या प्रकाशामुळे भासतो. विश्रांतीच्या वेळी त्या रक्तातले सुमारे 75 टक्के हिमोग्लोबिन, म्हणजे प्राणवायू वाहून नेणारे लाल द्रव्य, प्राणवायूने भरलेलेच असते. फुप्फुसांतल्या वायुकोशांच्या पातळ भिंतीतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि प्राणवायू आत येतो. म्हणजे तिथे अशुद्ध रक्त ‘शुद्ध’ होत नाही, फक्त वायूंची अदलाबदल होते; युरियासारखे टाकाऊ द्रव्य मूत्रपिंडेच गाळतात.

कापराने नाकात थंडावा जाणवतो आणि श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो, एवढेच. लहान मुलाच्या पोटात कापूर गेल्यास झटके येऊ शकतात, म्हणून ती पुरचुंडी त्याच्या हाती पडू देऊ नये.

आता मुख्य मुद्दा. प्राणवायू आत घेणे हे फुप्फुसांचे काम असले, तरी तो स्नायूंपर्यंत पोचवण्याचे काम हृदय, रक्तवाहिन्या आणि रक्त यांचे आहे, त्यामुळे या साखळीत कुठेही उणीव असली तरी दम लागतो. रक्तात जेवढे हिमोग्लोबिन आहे त्यापैकी किती टक्के प्राणवायूने भरले आहे, हे ऑक्सिमीटर दाखवतो. हिमोग्लोबिन मुळात किती आहे, हे तो मोजतच नाही. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे 1.34 मिलिलिटर प्राणवायू वाहते. 100 मिलिलिटर रक्तात ते 14 ग्रॅम असेल तर जवळपास 19 मिलिलिटर प्राणवायू वाहिला जातो, आणि 7 ग्रॅम असेल तर त्याच्या निम्माच. यंत्रावर मात्र दोन्ही वेळा 98च दिसेल.

उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढणाऱ्या बाईची छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते, तेव्हा तिची फुप्फुसे धडधाकट असूनही अंगात रक्त कमी असू शकते आणि ती तूट भरून काढायला हृदय जोराने धावत असते. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन 12 ग्रॅमच्या खाली गेले की तो रक्तक्षय धरतात, 8च्या खाली तो तीव्र असतो. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीची टोळी साखर कारखान्याकडे निघण्याआधी ती करून घ्यावी, आणि हिमोग्लोबिन पुरेसे असूनही दम लागत असेल तर डॉक्टरांकडून हृदय व फुप्फुसे दोन्ही तपासून घ्यावीत.