'हॅव' लॅटिनमधून आलेले नाही

जर्मन शिकायला सुरुवात केली की लवकरच एक माहिती कानावर येते: इंग्रजीतले 'हॅव', जर्मनमधले 'हाबेन' आणि लॅटिनमधले 'हाबेरे' हा मुळात एकच शब्द, आणि तो लॅटिनचा. पुरावे तीन सांगितले जातात. उच्चार आणि अर्थ दोन्ही जुळतात. 1066 मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्या, फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी तो फ्रेंचमार्गे इंग्लंडात नेला. आणि तिन्ही भाषांत 'मी केले आहे' अशी रचना याच क्रियापदाने होते. हे तिन्ही मुद्दे तपासून पाहू, कारण यातला एकही टिकत नाही.

उच्चार जुळतो, हीच इथे खरी अडचण आहे. संस्कृत, लॅटिन, इंग्रजी या साऱ्यांची जी एक आदिभाषा मानतात, त्या मूळ इंडो-युरोपीय भाषेतला 'क' लॅटिनमध्ये 'क'च राहिला. इंग्रजी-जर्मन ज्या शाखेतल्या, त्या जर्मानिक शाखेत त्याचा 'ह' झाला. लॅटिन 'केन्टुम' म्हणजे शंभर, इंग्रजीत हंड्रेड. 'कोर्नू' म्हणजे शिंग, इंग्रजीत हॉर्न. 'कानिस' म्हणजे कुत्रा, इंग्रजीत हाउंड. भाषाभ्यासक रास्मुस रास्कने 1818 मध्ये आणि याकोब ग्रिमने 1822 मध्ये ही संगती दाखवली. लॅटिन 'ह' वेगळ्याच घरचा: तो बहुधा जुन्या 'घ'पासून आला आणि जर्मानिकमध्ये त्याच्या जागी 'ग' दिसतो. लॅटिन 'होस्टिस' (परका, पुढे शत्रू), इंग्रजीत गेस्ट. आपला 'हंस' आणि त्याच कुळातल्या पक्ष्याचे जर्मन नाव 'गान्स' हीसुद्धा तीच जोडी. लॅटिन 'आन्सेर'मधला 'ह' मात्र गळून गेला.

म्हणजे 'हॅव'चा लॅटिन भाऊबंद 'क'ने सुरू व्हायला हवा. तसा तो आहेही: 'कापेरे', म्हणजे पकडणे, हातात घेणे. उलट 'हाबेरे'चा जर्मानिक सोबती 'ग'ने सुरू व्हायला हवा. तिथे 'गिव्ह' आणि जर्मन 'गेबेन' यांची नावे घेतली जातात, पण त्यांचे स्वर नीट बसत नाहीत. म्हणून ही दुसरी जोडी पहिलीइतकी पक्की मानू नये.

यावर एक आक्षेप रास्त आहे: 'क'चा 'ह' होऊन गेल्यावर कुणी 'हाबेरे' थेट लॅटिनमधून उसने घेतले असेल तर? अशी उसनवारी झालेली आहे. विकत घेणे या अर्थाचे जर्मन 'काउफेन' हे लॅटिन 'काउपो' (दुकानदार, खानावळवाला) यावरून आलेले मानतात, आणि त्यात 'क' शाबूत आहे. पण 'हॅव' एकटे नाही, त्याचा गोतावळा पाहावा लागतो. जुन्या इंग्रजीत 'हॅफ्ट' म्हणजे बंदिवान. जर्मनमध्ये 'हाफ्ट' म्हणजे अटक. लॅटिन 'काप्टुस' म्हणजे पकडलेला. 'क'च्या जागी 'ह', 'प्त'च्या जागी 'फ्त': ध्वनी ध्वनीशी जुळतो आणि अर्थही. 'हाबेरे'चे तेच रूप 'हाबितुस' आहे, त्यातून 'हाफ्ट' निघूच शकत नाही.

मग 'कापेरे'तल्या 'प'चा 'हाबेन'मध्ये 'फ' न होता 'ब' का झाला? याचे उत्तर भाषाभ्यासक कार्ल वेर्नरला 1875 मध्ये वैदिक स्वराघातात, म्हणजे शब्दातल्या कोणत्या अक्षरावर आघात येतो त्यात, सापडले, आणि संस्कृत जाणणाऱ्याला ते विशेष भावेल. 'भ्रातृ'चा आघात पहिल्या अक्षरावर, 'पितृ'चा दुसऱ्यावर. जुन्या इंग्रजीत 'ब्रोथोर' पण 'फॅडर': दोन्हीकडे मूळ 'त', तरी आघात पुढच्या अक्षरावर असलेल्या शब्दात तो घोष, म्हणजे 'द'सारखा, झाला. 'हाबेन'मधला 'ब' असाच आला. आघात धातूवर होता त्या भावंडात 'फ' टिकला: गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेतले 'हाफ्यान', उचलणे, म्हणजेच इंग्रजी 'हीव्ह'.

1066 चा मुद्दा लगेच निकालात निघतो. चौथ्या शतकात वुल्फिला या बिशपने केलेल्या बायबलच्या गॉथिक भाषांतरात 'हाबान' आहे. नॉर्मन येण्याच्या कितीतरी आधीच्या इंग्रजी मजकुरात 'हाब्बान' सर्रास आढळते. शिवाय बोली लॅटिनमधला 'ह' फ्रेंच घडण्याआधीच लोपला होता. फ्रेंचकडे उरले ते 'आव्वार', ज्यात 'ह' नाहीच. फ्रेंचमार्गे इंग्रजीत खरोखर आले ते हॅबिट आणि एबल.

उरली रचना. अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल या जुन्या इंग्रजीतल्या बखरीत 755 सालच्या नोंदीत राजाला ठार केल्याचे वाक्य आहे: 'हिए हिने ओफ्स्लॅयेन्ने हॅफ्डोन'. यात 'ठार केलेला' या अर्थाच्या कृदंताला (क्रियापदापासून बनलेल्या विशेषणाला) राजाच्या सर्वनामाप्रमाणे कर्माची विभक्ती लागली आहे. शब्दशः 'त्यांच्याकडे तो मारलेल्या अवस्थेत होता'. पुढे ही विभक्ती गळाली आणि 'हॅव' केवळ सहायक उरले. फ्रेंचसारख्या लॅटिनच्या वंशजांतही वाट हीच. शेजारच्या भाषांत रचनेची देवाणघेवाण झालीही असेल, पण रचना उसनी घेतली म्हणून क्रियापद उसने ठरत नाही.

अर्थ जुळण्याचे कारणही इथेच आहे. संस्कृतात 'असणे'वर भागते, मराठीत 'मला दोन भाऊ आहेत' म्हणून भागते. मूळ इंडो-युरोपीय भाषेतही बाळगण्याचे स्वतंत्र क्रियापद नसावे. प्रत्येक शाखेने ते 'धरणे', 'पकडणे' यांतून आपापले घडवले. ग्रीक 'एखो'चा धातू संस्कृत 'सह्'चा सोबती आहे. पोर्तुगीजने तर 'हाबेरे'चा वारसा हाताशी असताना धरण्याच्या 'तेनेरे'वरून 'तेर' घेतले, आणि आज तिथे सहायक क्रियापद जोडून होणारे संयुक्त काळही त्यानेच होतात.