रेंज फुल्ल, फोन बंद

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेसाठी सोलापूरला आले होते. जेवताना वाद रंगला. मामा म्हणाले, "आता नेटवर्क एआय सांभाळणार, तक्रारच उरणार नाही." टॉवर दुरुस्तीचं काम करणारा चुलतभाऊ उसळला, "म्हणजे आमच्या पोटावर पाय." मी जर्मनीत एका मोबाइल कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये नेमकं हेच काम करते, म्हणून दोघेही माझ्याकडे बघू लागले. त्या दिवशी मी विषय टाळला.

मार्चमध्ये अक्कलकोट रोडजवळच्या आमच्या घरी आईचा फोन तीन दिवस लागेना. शेजारच्या काकूंच्या फोनवरून ती म्हणाली, "अगं, रेंज फुल्ल दाखवतंय, पण कुणालाच लागत नाही." कंपनीचं उत्तर ठरलेलं: "आमच्याकडे सगळं नीट दिसतंय." ते खोटं बोलत नव्हते. आमच्या धंद्यात याला 'स्लीपिंग सेल' म्हणतात; सेल म्हणजे टॉवरवरून एकेका भागाला रेंज देणारं यंत्र. यंत्र चालू, अलार्म नाही, स्क्रीनवर हिरवा दिवा, आणि कॉल मात्र एकही जात नाही. एआयमधल्या मशीन लर्निंगची खरी गरज इथे आहे. मंगळवारी संध्याकाळी सात वाजता या सेलवर किती वर्दळ असते, हे मॉडेल जुन्या नोंदींवरून शिकतं. आकडा अचानक घसरला की अलार्म नसतानाही ते ओरडतं. रात्री गर्दी ओसरल्यावर टॉवरचे काही बँड, म्हणजे लहरींचे पट्टे, बंद ठेवून वीज वाचवतात, तेही अशाच अंदाजावर.

पण मॉडेल सवय शिकतं, गरज शिकत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणारी बाई रेंज धड नाही म्हणून फोन कमी वापरते. तिच्या गल्लीतली कमी वर्दळ मॉडेलला नेहमीचीच वाटते. तिथला सेल झोपला तरी आकड्यात जेमतेम फरक पडतो. आपल्याच जिल्ह्यातल्या पंढरपूरचं घ्या. आषाढी एकादशी 2023 साली 29 जूनला होती, 2024 साली 17 जुलैला. इंग्रजी तारखांवर शिकलेलं मॉडेल इथे अठरा दिवसांनी चुकेल. त्याला पंचांग कुणीतरी द्यावं लागतं. उन्हाळ्यात लाइट गेल्यावर कुठल्या टॉवरची बॅटरी तासभरही टिकत नाही, हे माझ्या त्या चुलतभावाला तोंडपाठ आहे. ते ज्ञान मॉडेलमध्ये गेलं पाहिजे, आणि त्याची नोकरीही राहिली पाहिजे. आईचा फोनसुद्धा चौथ्या दिवशी एका तंत्रज्ञाने जागेवर जाऊन यंत्र बंद-चालू केल्यावरच लागला.

जर्मनीत सगळं छान आहे असं मी म्हणणार नाही. रेल्वेत अजूनही मध्येच कॉल तुटतो. फरक हक्कात आहे. इथे फोन किंवा इंटरनेट पूर्ण बंद पडलं आणि तक्रारीनंतर दोन दिवसांत सुरू झालं नाही, तर तिसऱ्या दिवसापासून ग्राहकाला रोज किमान 5 युरो मिळतात, पाचव्या दिवसापासून 10. आपल्याकडेही ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, नवे नियम 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू झाले. चोवीस तासांहून जास्त सेवा बंद राहिली तर त्यात भरपाई आहे, पण हिशोब जिल्ह्याचा. म्हणजे अख्ख्या जिल्ह्याची सेवा गेली तर. एका गल्लीचे तीन दिवस त्यात कुठेच बसत नाहीत.

हे मला मनापासून खटकतं. एकेका सेलचा पंधरा-पंधरा मिनिटांचा हिशोब ठेवणारी यंत्रणा हाताशी असताना भरपाईचं माप जिल्हा का? एआय नको म्हणून भांडू नका. सेलनिहाय हिशोब मागा. ग्राहकाची तक्रार अलार्मइतकीच वजनदार धरून मॉडेलला द्या, मग आकडे काहीही म्हणोत.

आईला सांगितलंय, पुढच्या वेळी फोन बंद पडला की शेजारून फोन करून तक्रार नंबर मागूनच घे. तिने मार्चमधले ते तीन दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर, तिथीच्या बाजूला, पेनाने गोल करून ठेवलेत.