वाळूची ट्रॉली मोजायला सांगणारा तो मेसेज चुकीचा आहे

घर बांधायला काढलेल्या लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: वाळूची ट्रॉली दारात आली की टेप लावा, फसवणूक टाळा. त्यातल्या सूचना अशा. फूट-इंच दशांशात लिहा, म्हणजे 1 फूट 9 इंच असेल तर 1.9. इंचात मोजलं असेल तर गुणाकाराला 12 ने भागा. ट्रॉली बाहेरून मोजली तरी चालेल. वर शीग, म्हणजे कडेच्या वर आलेला ढीग, असेल तर तिची उंची फाळक्याच्या (ट्रॉलीच्या कडेच्या पत्र्याच्या) उंचीत मिळवा. आणि वाळू ओलीच घ्या, ती दबून बसते, म्हणून जास्त मिळते.

लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची हे सूत्र बरोबर, 100 घनफूट म्हणजे 1 ब्रास हेही बरोबर. बाकी सगळं चूक आहे, आणि भुर्दंड बसतो तो बहुतेक वेळा घेणाऱ्यालाच.

सगळ्यात घातक सूचना दशांशाची. फुटात इंच 12 असतात, 10 नव्हेत. 9 इंच म्हणजे पाऊण फूट, म्हणून 1 फूट 9 इंच म्हणजे 1.75 फूट. एक ट्रॉली घेऊ: आतून लांबी 10 फूट 3 इंच, रुंदी 6 फूट 2 इंच, वाळूची उंची 1 फूट 9 इंच. मेसेजप्रमाणे 10.3 × 6.2 × 1.9, म्हणजे साधारण 121 घनफूट. खरा हिशेब 10.25 × 6.17 × 1.75, म्हणजे साधारण 110.6. दहा घनफुटांचे पैसे फुकट गेले. आता त्याच ट्रॉलीत वाळू एक इंच वाढवा. उंची झाली 1 फूट 10 इंच, मेसेजप्रमाणे 1.10, आणि उत्तर येतं 70 घनफूट! वाळू वाढली आणि घनफळ 51 घनफुटांनी घटलं. खरं उत्तर 116 च्या आसपास आहे. अशा हिशेबावर ट्रॉलीवाल्याशी भांडायला गेलं तर प्रामाणिक माणूसही चोर ठरेल.

सगळं इंचातच मोजणं उत्तम, पण 12 ने भागून भागत नाही. एका घनफुटात 12 × 12 × 12, म्हणजे 1728 घनइंच असतात. वरचीच ट्रॉली 123 × 74 × 21 = 1,91,142 घनइंच. 1728 ने भागा, 110.6 येतात. कागदावर लिहून ठेवायचा आकडा एकच, 1728.

बाहेरून मोजू नका, हे खरं तर सांगावंही लागू नये. फाळक्याच्या पत्र्याला बाहेरून लोखंडी पट्ट्या असतात. त्यांनी लांबी-रुंदीत चार-चार इंच वाढले तरी वरच्या ट्रॉलीत जवळपास 10 घनफूट हवेचे पैसे जातात.

शीग म्हणजे पेटी नव्हे. ती चारी बाजूंनी उतरती असते, त्यामुळे तेवढ्याच उंचीच्या पेटीच्या साधारण तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंतच माल त्यात असतो. उंची सरळ मिळवली तर शिगेतला माल दुप्पट ते तिप्पट धरला जातो. फळी फिरवून वाळू सपाट करून घ्या, मगच टेप लावा.

आता ओली वाळू. इथे मेसेज अगदी उलटं सांगतो. दमट वाळू फुगते. कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो आणि कण एकमेकांपासून दूर राहतात. पाच ते आठ टक्के ओलाव्याला बारीक वाळू 20 ते 30 टक्के, कधी त्याहूनही जास्त फुगते. म्हणजे 110 घनफूट मोजून घेतलेल्या वाळूत कोरडी वाळू नव्वदच्या आसपासच असू शकते. तपासायला सरळ भिंतीचा काचेचा डबा पुरतो. त्यात 20 सेंटीमीटर दमट वाळू सैल भरा, मग काढून ठेवा. डब्यात निम्मं पाणी घ्या, तीच वाळू परत टाका, काडीने ढवळून बसू द्या. पूर्ण भिजलेली वाळू पुन्हा कोरड्या वाळूएवढीच जागा घेते. ती 16 सेंटीमीटरवर बसली तर फुगवटा 4 भागिले 16, म्हणजे 25 टक्के. मग ट्रॉलीचं माप 1.25 ने भागून भाव ठरवा, आणि घमेल्याने 1:4 चा (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) माल कालवताना वाळू 25 टक्के वाढवून घ्या.

खडीला हे फुगणं जवळजवळ नसतं. तिथे आतलं माप आणि 1728 एवढ्यावर काम होतं.