सामानाआधी ऋतू आणि कागदपत्रे
उतारवयातील स्थलांतराची तयारी सामान कमी करण्यापासून सुरू करावी, असे मी वाचलेल्या एका लेखात सुचवले आहे. आमच्या खानदेशात मात्र त्याआधी ऋतूचा विचार करावा, असे मला वाटते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जात असताना सत्तरीच्या माणसांना माळ्यावरची पितळी भांडी आणि धान्याच्या कोठ्या आवरायला लावणे धोक्याचे आहे, म्हणून अमळनेर किंवा चोपड्याहून मुलांकडे पुण्या-नाशिकला जायचे असेल, तर दिवाळीनंतरचे दिवस निवडावेत. नोव्हेंबरमध्ये बहुतेक सरकारी निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला द्यावाच लागतो. तेव्हाच बँकेतील पत्ता आणि मोबाइल क्रमांकही तपासून घ्यावा.

सर्वांत कळकळीने सांगावेसे वाटते ते राहत्या घराविषयी. ते घाईने मुलांच्या नावे करू नये, आणि करायचेच असेल तर सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहावी, कारण २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार ती अट मोडल्यास हस्तांतरण रद्द करण्याची मागणी न्यायाधिकरणाकडे करता येते. मुलांनीही आईवडिलांना विचारल्याशिवाय सामान बांधायला घेऊ नये. पाटा-वरवंटा नव्या सदनिकेत न्यायचा की नाही, हे त्या माउलीलाच ठरवू द्यावे.